दोन्ही तीरांचा माणूस आणि रसिकांचा रोष

कलाकृती एकदा लोकांसमोर आली की ती एकट्या कलावंताची राहत नाही, असे आपण वर्गात नेहमी ऐकतो. पेणच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घडते ती मूर्तिकाराच्या हातून. परंतु तिचे रूप पुष्कळदा गिऱ्हाईक ठरवते. 'जय मल्हार' ही मालिका २०१४ साली सुरू झाली आणि पाठोपाठ खंडोबाच्या रूपातील गणपतींना मागणी आली. कारखानदारांनी तसे साचे केले. तरीही डोळ्यांची आखणी करताना कुंचला धरणारा हात मूर्तिकाराचाच असतो, आणि मूर्तीची नजर कशी असावी हे त्या हातालाच ठरवावे लागते.

कथा, नाटक, चित्रपट यांच्याही बाबतीत मागणी आणि नजर यांची अशीच ओढाताण चालते. वाचक किंवा प्रेक्षक एखाद्या पात्राला आपले मानतो. मग ते पात्र आपल्या मनाविरुद्ध वागले की त्याला राग येतो. जणू घरातल्या माणसानेच फसवले! हा राग सर्वांत तीव्र कोणत्या पात्राच्या वाट्याला येतो, याचा शोध घेतला तर एक उत्तर वारंवार समोर येते. जे पात्र पुरुषावरही प्रेम करू शकते आणि स्त्रीवरही, त्या पात्राच्या. अशा पात्रावर परंपरेचे अभिमानी रागावतात हे उघडच आहे. परंतु समलिंगी प्रेमाच्या कथा आवडीने वाचणारे, पाहणारे आणि अलीकडे संगणकावर वा मोबाइलवर खेळणारे रसिकही त्याच्यावर रागावतात. हे दोन राग एकच आहेत की निराळे, आणि त्यांतला कोणता न्याय्य, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शब्दाचा घोळ

प्रथम शब्दाचा उलगडा केला पाहिजे, कारण मराठीत येथेच गैरसमजाला सुरुवात होते. शाळेत वनस्पतिशास्त्र शिकताना आपण जास्वंदीचे फूल उकलून पाहिलेले असते. त्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, म्हणून ते 'उभयलिंगी' किंवा 'द्विलिंगी' फूल. हाच शब्द पुढे माणसाला लावला जातो आणि ऐकणाऱ्याची समजूत होते की, ज्याच्या शरीरातच स्त्री-पुरुष दोघांची लक्षणे आहेत असा हा माणूस असावा. वास्तविक येथे प्रश्न शरीररचनेचा नसून ओढीचा आहे. ज्या व्यक्तीला स्त्री आणि पुरुष या दोहोंविषयी प्रेमाची आणि देहाची ओढ वाटू शकते, ती 'उभयलैंगिक' व्यक्ती. तिचे शरीर चारचौघांसारखेच असते. दोघांविषयीची ओढ सारख्याच प्रमाणात असली पाहिजे असेही नाही, आणि एकाच वेळी दोघे हवेत असे तर मुळीच नाही. दोन गावांत राहू शकणारा माणूस एकाच वेळी दोन गावांत राहत नसतो.

अमेरिकन संशोधक अल्फ्रेड किन्से यांनी १९४८ साली पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी माणसांचे 'हा' किंवा 'तो' असे दोनच कप्पे न करता शून्य ते सहा अशी मोजपट्टी मांडली. एका टोकाला केवळ भिन्नलिंगी ओढ, दुसऱ्या टोकाला केवळ समलिंगी ओढ, आणि मध्ये अनेक पायऱ्या. त्यांच्या संशोधनपद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली. तथापि मधल्या पायऱ्यांवर माणसे आहेत, ही गोष्ट त्यानंतर कोणाला सहजासहजी नाकारता आली नाही.

महाराष्ट्रात या विषयांवर उघडपणे लिहिण्याची परंपरा त्याहूनही जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ साली सुरू केले आणि १९५३ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत ते नेटाने चालवले. वाचकांच्या लैंगिक विषयांवरील प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. खटल्याचा निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला, परंतु लोकांच्या मनातले प्रश्न दडपण्यापेक्षा त्यांना सरळ उत्तरे द्यावीत, हा त्यांचा आग्रह मराठी विचारविश्वात कायम राहिला.

मराठी कलाकृतींतला दोन्ही तीरांचा माणूस

आता आपल्या साहित्याकडे वळू. विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. सुमित्रा ऊर्फ मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी रंगमंचावर उभी राहिली म्हणून या नाटकाचा उल्लेख नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. पण नाटकातल्या नमा देशमुख या दुसऱ्या मुलीकडे आपण किती लक्ष देतो? मित्रा नमावर जीव टाकते. नमा तिला प्रतिसाद देते, आणि त्याच काळात मन्या दळवीशीही तिचे संबंध आहेत. अखेरीस नमा मित्रापासून दूर जाते, मित्राचा शेवट शोकात्म होतो, आणि नमाला 'चंचल', 'स्वार्थी' ही विशेषणे लावून आपण मोकळे होतो. नमाला दोघांविषयीही खरोखर काही वाटत असेल का, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. नाटक मित्राचे आहे, ते बापूच्या तोंडून सांगितले जाते, आणि नमाच्या वाट्याला स्वतःची बाजू मांडण्याची संधी फारशी येत नाही.

अमोल पालेकर यांचा 'थांग' हा चित्रपट २००६ सालचा. त्याचीच इंग्रजी आवृत्ती 'क्वेस्ट' या नावाने निघाली. संसार सुरळीत चाललेला असताना पतीचे आपल्या मित्राशी प्रेमसंबंध आहेत, हे पत्नीला कळते. मृणाल कुलकर्णी यांनी ही पत्नी साकारली आहे. चित्रपटाचा भर तिच्या दुःखावर आहे आणि ते स्वाभाविकही आहे, कारण फसवणूक तिची झालेली आहे. मात्र चित्रपट पाहून उठणारा प्रेक्षक सहसा एकच निष्कर्ष काढतो: 'म्हणजे तो मुळात तसलाच होता, लग्न हे सोंग होते.' पत्नीवरचे त्याचे प्रेमही काही अंशी खरे असू शकेल, हा विचार आपल्याला अवघड वाटतो. ते प्रेम खरे मानले म्हणून फसवणूक क्षम्य ठरत नाही. पण खोटे काय आणि लपवलेले काय, यांतला फरक त्यामुळे स्पष्ट होतो.

या विषयावरची सर्वांत महत्त्वाची मराठी कलाकृती म्हणजे सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही छोटी कादंबरी. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. जेरी पिंटो यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली आला आणि २०२२ साली तिच्यावरचा चित्रपट नेटफ्लिक्सवर दाखल झाला. चित्रपटात कथा केरळात नेली आहे. कादंबरीतले घर मात्र पुण्यातले मध्यमवर्गीय मराठी घर आहे. वरच्या खोलीत एक तरुण पेइंग गेस्ट म्हणून राहायला येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि मुलगी अनुजाही. एके दिवशी अनुजा त्याच्याबरोबर घर सोडून जाते, आणि पुढे तो तिलाही सोडून निघून जातो. कादंबरीचा पहिला भाग तनयचा, दुसरा अनुजाचा. दोघेही त्याच माणसाविषयी बोलतात. त्या माणसाला मात्र कादंबरीत नाव नाही आणि स्वतःचा आवाजही नाही.

ही रचना लेखकाने जाणीवपूर्वक केलेली आहे आणि कादंबरीची ताकद तिच्यातच आहे. सोडून गेलेल्या माणसाविषयी मागे राहिलेल्यांना जेवढे माहीत असते, तेवढेच आपल्यालाही कळते. पण वाचताना आपली सहानुभूती कोठे जाते ते पाहावे. तनयचे दुःख आपल्याला भिडते, कारण ते त्याला कोणापाशी बोलून दाखवता येत नाही. अनुजाचे दुःख घराला दिसते. त्यावर डॉक्टर आणि उपचार होतात. तनयच्या दुःखाला घरात जागाच नाही. आणि तो तिसरा? तो आपल्या दृष्टीने 'फसवणारा' ठरतो. तो दोघांनाही सोडून गेला हे खरे. परंतु त्याने पुरुषावर आणि स्त्रीवर, दोघांवरही प्रेम केले, हा त्याचा गुन्हा नव्हे. हे दोन आरोप आपण नकळत एकमेकांत मिसळून टाकतो. सबंध विषयातली कळीची गोष्ट हीच आहे.

बाहेरचा रोष आणि आतला रोष

परंपरेच्या अभिमान्यांचा रोष कसा असतो, हे महाराष्ट्राने १९९८ साली पाहिले. दीपा मेहता यांचा 'फायर' हा चित्रपट १९९६ सालचा; तो भारतात प्रदर्शित झाला नोव्हेंबर १९९८ मध्ये. एकाच घरातल्या दोन जावांमध्ये, राधा आणि सीता यांच्यात, प्रेम निर्माण होते अशी ती कथा. शबाना आझमी आणि नंदिता दास यांनी या भूमिका केल्या होत्या. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहात शिरून खेळ बंद पाडला, मोडतोड झाली आणि हे लोण दिल्लीसह इतर शहरांत गेले. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे पाठवण्यात आला आणि १९९९ साली काहीही न कापता पुन्हा मंजूर झाला. त्या रोषाचे म्हणणे सरळ होते: असे काही आमच्या घरांत नसते, म्हणून ते पडद्यावरही नको.

पण त्याच चित्रपटावर दुसऱ्या बाजूनेही टीका झाली, ती फारशी कोणाच्या लक्षात नाही. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या काही स्त्रियांचे आणि समीक्षकांचे म्हणणे असे की, नवऱ्यांनी दुर्लक्ष केले म्हणून या दोघी एकमेकींकडे वळल्या, असे कथा सुचवते. राधेच्या पतीने ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेले, सीतेच्या पतीचे मन दुसरीकडे. मग त्यांचे प्रेम हे प्रेम की केवळ पर्याय? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु त्याच्या पोटी एक गृहीतही दडलेले असते: जी पूर्वी पुरुषाबरोबर सुखी होऊ शकली असती, तिचे स्त्रीवरचे प्रेम कमअस्सल. येथे आतल्या रोषाची सुरुवात होते.

मुंबईत १९९५ साली 'स्त्री संगम' हा गट स्थापन झाला. पुढे तो 'लाबिया' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्या नावाच्या मूळ विस्तारात समलिंगी स्त्रियांबरोबरच उभयलैंगिक स्त्रियांचाही उल्लेख होता. चळवळीच्या आतही या मधल्या माणसांना नावानिशी जागा द्यावी लागते, ती आपोआप मिळत नाही, असे त्यावरून दिसते.

खेळांमधली प्रेमकथा

हाच वाद आज सर्वांत मोठ्या आवाजात चालतो तो एका नव्या कलाप्रकारात. प्राध्यापकवर्गाला कदाचित नवल वाटेल, पण संगणकावरील आणि मोबाइलवरील अनेक खेळांत आता मारामारीइतकीच प्रेमकथा महत्त्वाची असते. काही खेळ तर निव्वळ प्रेमकथांचेच असतात. पडद्यावर चित्र आणि संवाद येतात, खेळणाऱ्याने दोन-तीन उत्तरांपैकी एक निवडायचे, आणि त्या निवडीप्रमाणे कथा पुढे सरकते. कादंबरीच, पण फाटे फुटणारी. यांत पुरुषा-पुरुषांच्या प्रेमाचे खेळ हा एक स्वतंत्र प्रकार झाला आहे. त्याची एक मुळी जपानमधल्या चित्रकथांत आहे. तेथे १९७० च्या दशकापासून मुलांमधल्या प्रेमाच्या कथा मुख्यतः स्त्री वाचकांसाठी लिहिल्या जाऊ लागल्या. त्या कथांत एक ठराविक संवाद पुष्कळदा येई: 'मला पुरुष आवडत नाहीत, फक्त तूच आवडतोस.' म्हणजे येथेही मधल्या माणसाचे नाव घ्यायचे टाळलेलेच.

'ड्रॅगन एज २' हा बायोवेअर कंपनीचा खेळ २०११ साली आला. त्यात चार साथीदार असे होते की, खेळणाऱ्याने नायक घेतला काय आणि नायिका घेतली काय, त्यांच्याशी प्रेम जुळू शके. पुरुष साथीदार नायकाजवळ प्रेम व्यक्त करतो म्हणून एका खेळाडूने तक्रार केली की, सामान्य पुरुष खेळाडूकडे कंपनीने दुर्लक्ष केले आहे. खेळाचे प्रमुख लेखक डेव्हिड गेडर यांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा: खेळ सर्वांसाठी आहे आणि आजवर सर्व काही आपल्यासाठीच असण्याची ज्यांना सवय झाली, त्यांना समान वागणूक हाच अन्याय वाटतो.

हा झाला बाहेरचा रोष. आतला आक्षेप अधिक सूक्ष्म होता. त्या खेळात अँडर्स नावाचे पात्र आहे. खेळणारा पुरुष असेल तर अँडर्स आपल्या पूर्वीच्या प्रियकराविषयी बोलतो. खेळणारी स्त्री असेल तर तो त्या संबंधाबद्दल मौन पाळतो. म्हणजे पुरुषासमोर तो समलिंगी, स्त्रीसमोर भिन्नलिंगी. दोन्हीकडे प्रेम करू शकणारा म्हणून तो कोणालाच भेटत नाही! ज्याची जशी मागणी तशी मूर्ती पुढे केली, पण तिला स्वतःची नजर दिली नाही.

२०१७ साली 'ड्रीम डॅडी' हा खेळ लोकप्रिय झाला. मुलीला एकट्याने वाढवणारा एक बाप नव्या गावात येतो आणि तेथल्या इतर बापांपैकी कोणाशी तरी त्याचे प्रेम जुळते, असा हा हलकाफुलका समलिंगी प्रणयाचा खेळ. आपला दिवंगत जोडीदार पुरुष होता की स्त्री, हे आरंभी खेळणाराच ठरवतो. म्हणजे नायक उभयलैंगिक असण्याची सोय खेळात आहे आणि त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. वाद झाला तो जोसेफवरून. जोसेफ हा चर्चमध्ये काम करणारा, पत्नी आणि मुले असलेला गृहस्थ. त्याच्या मागे जाणाऱ्या नायकाला एक रात्र मिळते आणि शेवटी जोसेफ बायकोकडे परततो. इतर बहुतेक बापांच्या कथा गोड होतात, याची मात्र नाही. अनेक खेळाडू चिडले. त्यांपैकी काहींना हवा होता फक्त गोड शेवट. काहींचा आक्षेप मात्र रास्त होता: स्त्रीशी लग्न केलेला आणि पुरुषावरही मन जडलेला एक माणूस आणला, आणि नेमके त्यालाच फसवणारा ठरवले. नमा आणि 'कोबाल्ट ब्लू'तला तो पाहुणा यांच्याच जातकुळीचा हा जोसेफ.

तिसरे उदाहरण प्राचीन ग्रीसच्या पार्श्वभूमीवरील 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' या २०१८ सालच्या खेळाचे. नायक अलेक्सिओस किंवा नायिका कसांद्रा यांनी पुरुषावर प्रेम करायचे, स्त्रीवर करायचे, की कोणावरच नाही, हे पूर्णपणे खेळणाऱ्याच्या हाती आहे, असे युबिसॉफ्ट कंपनीने सांगितले होते. जानेवारी २०१९ मध्ये पुढचा भाग आला आणि त्यात पात्राला भिन्नलिंगी जोडीदाराशी संबंध ठेवून मूल होणे सक्तीचे झाले. ज्यांनी शंभर तास खेळून आपला नायक समलिंगी म्हणून घडवला होता, त्यांना हा विश्वासघात वाटला. कंपनीने माफी मागितली आणि प्रसंगात बदल केले.

राग कोणता न्याय्य?

खेळातला राग नाटकातल्या रागापेक्षा तीव्र का असतो, हे आता ध्यानात येईल. नाटकात आपण मित्राकडे पाहत असतो. खेळात तिच्या जागी आपणच असतो. तिच्या निवडी आपण केलेल्या असतात. म्हणून 'ओडिसी'वरचा राग मला न्याय्य वाटतो. तेथे वचन मोडले गेले आणि एका माणसाच्या प्रेमावर वंश चालवण्याची सक्ती लादली गेली. आपल्याकडच्या तरुणांना ही सक्ती परिचित आहे. तिचे नाव 'आता स्थळे पाहायला हवीत' असे असते.

परंतु एखादे पात्र पूर्वी स्त्रीवर प्रेम करीत होते म्हणून ते 'आपले' उरले नाही, ते 'अर्धेच' आहे, ते कधीतरी पळून जाणारच, असा राग न्याय्य नाही. तो राग चित्रपटगृहात मोडतोड करीत नाही, हे खरे. पण त्याचाही आग्रह तोच: माणसाने एकाच कप्प्यात बसले पाहिजे. या दोन रागांतला भेद ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. राग लेखकाच्या अन्यायावर आहे की पात्राच्या असण्यावर? जोसेफला खलनायक का केले, हा पहिला प्रश्न. जोसेफसारखा माणूस कथेत आणलाच कशाला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नातून कथा सुधारते. दुसऱ्यातून माणूसच पुसला जातो.

पुसल्याशिवायही कथा रंगते, याचे उदाहरण २०२० सालच्या 'हेडीज' या खेळात आहे. ग्रीक पुराणातला झॅग्रिअस एका पुरुषदेवतेवर आणि एका स्त्रीदेवतेवर प्रेम करू शकतो, दोघांनाही त्याची कल्पना असते, आणि कोणी कोणाला फसवत नाही. खेळाला अमाप यश मिळाले.

हा वाद आपल्याला परका का नाही

पेण-रोह्याच्या परिसरातल्या महाविद्यालयात या चर्चेचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निर्णय दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे मात्र नाकारले. म्हणजे कायद्याचे दार उघडले, घराचे अजून बंद आहे. या बंद दाराशी उभयलैंगिक तरुणाची कोंडी निराळीच होते. केवळ समलिंगी ओढ असलेला तरुण निदान 'मला मुलगी आवडूच शकत नाही' असे सांगू शकतो. याला घरचे म्हणतात, 'तुला मुलीही आवडतात ना? मग प्रश्नच मिटला, लग्न कर.' आणि मित्र म्हणतात, 'तुझे एकदा नक्की होऊ दे, मग बोल.' दोन्हीकडचे लोक त्याला अर्धेच ऐकतात. मग तो बोलणे बंद करतो. लपवून लग्न करतो, किंवा करते, आणि 'थांग'मधली पत्नी अशीच कोठेतरी तयार होते. त्या स्त्रीवरचा अन्याय टाळावयाचा असेल, तर त्या तरुणाला लग्नाआधी खरे बोलता आले पाहिजे. खरे बोलता येण्यासाठी ऐकणाऱ्याच्या मनात त्या माणसाचे एखादे चित्र आधीपासून असावे लागते, आणि ते चित्र कथा, नाटके आणि आता खेळ तयार करतात. म्हणूनच त्यांतला हा माणूस नेहमी पळपुटा, चंचल किंवा मुका असणे ही केवळ साहित्यातली उणीव नाही.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला आणि मराठीत या विषयावर सोप्या भाषेत पुस्तके लिहिली. कर्व्यांची वाट बुजलेली नाही, याची ती साक्ष आहे. आपल्या मराठी विभागात 'मित्राची गोष्ट' वाचली जाईल, तेव्हा मित्राबरोबर नमावरही एक तास चर्चा व्हावी, एवढी लहानशी सूचना येथे करावीशी वाटते. 'कोबाल्ट ब्लू' वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या निनावी पाहुण्याच्या तोंडचा तिसरा भाग लिहून पाहावा. तो लिहिताना त्याच्या जाण्याचे समर्थन करायचे कारण नाही. त्याने केलेला अन्याय त्याच्या पदरात घालावाच. फक्त त्याला बोलू द्यावे.